पहिल्या रात्री चूल पेटवू नका

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही चौघं पाचव्या मजल्यावर राहतो. शहरात मोठा भूकंप झाला, वीज-पाणी-गॅस बंद पडलं आणि आठ-दहा दिवस मोकळ्या मैदानात काढायची वेळ आली, तर रोजचं कसं निभवायचं? स्वयंपाक कशावर करायचा? घरात कॅम्पिंगचा छोटा गॅस स्टोव्ह आहे, तो पुरेल का?"

स्टोव्ह पुरेल, त्याच्याकडे नंतर येते. आधी तो कधी पेटवायचा नाही, ते सांगते. आपत्तीनंतरच्या छावण्यांमध्ये उघड्यावरची स्वयंपाकघरं उभी करणं हे माझं काम आहे. बहुतेक ठिकाणी पहिल्या संध्याकाळी मला एकच दृश्य दिसतं. कुणीतरी तडकलेल्या भिंतीच्या आडोशाला तीन विटा मांडलेल्या असतात आणि वर पातेलं चढवलेलं असतं. पोरांना भूक लागली आहे, हात रिकामे आहेत, काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून माणूस चूल पेटवतो. समजतं मला. पण धडधाकट माणूस एक दिवस कोरडं खाऊन आरामात काढतो. भूकंपानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत भुकेनं कुणी दगावत नाही, आगीनं मात्र दगावतात.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देते. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. त्याच सकाळी हेज व्हॅली भागात एका बाईनं न्याहारीसाठी शेगडी पेटवली. धुराडं आतून फुटलेलं आहे हे तिला दिसलंच नाही. ठिणगी भिंतीत शिरली, घर पेटलं, आणि विझवायला आलेल्यांच्या नळाला पाणी नव्हतं, कारण जमिनीखालचे पाइप तुटले होते. त्या आगीला आजही 'हॅम अँड एग्ज' आग म्हणतात. शहरात ठिकठिकाणी लागलेल्या आगी तीन-चार दिवस चालल्या आणि सुमारे २८,००० इमारती गेल्या. नंतर शहरानं हुकूमच काढला की धुराडं तपासून झाल्याशिवाय घरात चूल पेटवायची नाही. लोकांनी शेगड्या ओढत रस्त्यावर आणल्या, पत्र्याचे आडोसे केले आणि कित्येक आठवडे फुटपाथवर रांधलं. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामाला धक्का बसला तो दुपारी ११ वाजून ५८ मिनिटांनी, घरोघरी जेवणाची चूल पेटलेली असताना. लाखाहून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत.

म्हणून पहिल्या दिवशी: गॅसचा मुख्य कॉक बंद, विजेचा मेन स्विच खाली, आणि कोरडं खाणं. वास येत असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल, तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, काडी ओढणं तर सोडाच. दारं-खिडक्या उघडत बाहेर पडा. मग तो मेन स्विचही राहू द्या, ठिणगी तिथेच पडते. पाइपनं येणारा गॅस एकदा बंद केला की तो परत सुरू करणं कंपनीच्या माणसाचं काम. मेन स्विच खाली करण्यामागे आणखी एक कारण आहे, ते लोकांना पटकन सुचत नाही. १७ जानेवारी १९९५ च्या जपानमधल्या कोबे भूकंपानंतर बऱ्याच आगी लागल्या त्या वीज परत आल्यावर. पडलेला हीटर, चेपलेली वायर, वर कोसळलेले पडदे आणि कागद, घरात कुणी नाही, आणि अचानक प्रवाह सुरू. घर सोडताना मेन स्विच खाली असेल तर हे टळतं.

आता जागा. कुठल्याही इमारतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट तरी दूर राहा. चार मजली म्हणजे साधारण बारा मीटर धरली, तर अठरा मीटर. काचेच्या दर्शनी भिंती, होर्डिंग, विजेच्या तारा, वाळक्या फांद्यांची झाडं हे सगळं त्याच हिशेबात धरा. "पहिल्या धक्क्यात उभी राहिली म्हणजे इमारत मजबूत" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात इमारती कोसळून कुणाचा जीव गेला नाही. २२ फेब्रुवारी २०११ चा धक्का त्याहून लहान होता, पण शहराच्या अगदी जवळ आणि उथळ. त्यात १८५ माणसं गेली. काठमांडूत २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा धक्का बसला, लोक टुंडिखेलच्या मैदानात तंबू ठोकून राहिले, हळूहळू काही जण घरी परतू लागले आणि १२ मे ला ७.३ चा धक्का आला.

जपानी भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो: पश्चात धक्क्यांची संख्या दिवसांच्या प्रमाणात घटत जाते. पहिल्या दिवशी जितके, त्याच्या साधारण दहावा हिस्सा दहाव्या दिवशी. कमी होते ती संख्या. एखादा मोठा धक्का उशिराही येऊ शकतो. उघड्यावरचं स्वयंपाकघर मांडताना मी हे गृहीतच धरते की आधण उकळत असताना जमीन हलणार आहे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. एका छावणीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तीस लिटरचं पातेलं दगडांच्या चुलीवर चढवलं होतं. दगडावर दगड रचून गुडघ्याइतकी उंची केली होती, वाकावं लागू नये म्हणून. चूल मीच मांडली होती आणि मला तिचा अभिमानही वाटला होता. पातेलं काठोकाठ. धक्का काही मोठा नव्हता, उभं असलेल्या कुणाचा तोल गेला नाही. पण वरचा एक दगड बोटभर सरकला, पातेलं त्या बाजूला कललं आणि आधणाची एक लाट सांडली. डाळ ढवळणाऱ्या मुलाच्या नडगीवरून ते पाणी बुटात गेलं. बूट काढेपर्यंत पाय आत शिजत होता. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं गार पाणी घालायचं असतं, आणि त्या दिवशी आमच्याकडे साठ माणसांचं पिण्याचं पाणी सोडलं तर थेंब नव्हता. ते ओतलं. रात्री रांगेत प्रत्येकाला अर्धाच पेला मिळाला, कुणी तक्रार केली नाही, पण तो पेला मला अजून आठवतो.

तेव्हापासून माझी चूल जमिनीच्या वर नसते. खड्डा खणते, पातेल्याचं बूड जमिनीच्या पातळीला येईल इतका. सरपण आत सारायला एका बाजूनं उतार ठेवते, समोरच्या बाजूला धूर निघायला फट. पातेलं दोन तृतीयांशच भरायचं. भोवती दोन-अडीच मीटरवर दोरी, दोरीच्या आत एक रांधणारा आणि एक मदतनीस, बाकी कुणी नाही, पोरं तर अजिबात नाहीत. आणि रांधताना मांडी घालून बसायचं नाही. उकिडवं किंवा उभं, म्हणजे मागे सरता येतं. फरसबंद जागा असेल आणि खणता येत नसेल, तर विटांची एकच थर-दीड थर उंचीची बैठक, आणि पातेल्याच्या चारही बाजूंनी विटा टेकवून ठेवलेल्या.

पाण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळा स्वयंपाक शेवटी पाण्यावर येऊन थांबतो. मदतकार्यात जगभर वापरली जाणारी स्फिअरची मानकं माणशी दिवसाला १५ लिटर धरतात. त्यात पिणं, रांधणं, अंग-हात धुणं सगळं आलं. पहिले काही दिवस साडेसातवर निभतं. त्यातले अडीच-तीन लिटर निव्वळ पिण्याचे आणि जेवणातले. तुम्ही चौघं म्हणजे दिवसाला तीस लिटर, दहा दिवसांचे तीनशे. एवढं कुणी घरात साठवत नाही, मलाही जमत नाही. पण दोन-तीन दिवसांचं जमतं, आणि बरंचसं पाणी घरात असतंच, ते लोकांच्या लक्षात येत नाही.

साठवणीचा गीझर असेल तर त्यात दहा लिटरपासून शंभराच्या पुढेही पाणी असतं. आधी त्याची वीज किंवा गॅस बंद. मग आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा, कारण फुटलेल्या पाइपमधलं गढूळ पाणी उलटं आत शिरू शकतं. एखादा गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा म्हणजे हवा आत जाईल, आणि तळाच्या कॉकमधून पाणी काढा. पाणी तासन्‌तास कढत राहतं, हात सांभाळा. पहिले एक-दोन मग तांबूस गाळाचे येतील, ते संडासासाठी बाजूला ठेवा. फ्लशच्या वरच्या टाकीतलं पाणीही चालतं, तिच्यात रंगीत वडी किंवा रसायन टाकलेलं नसेल तरच, आणि शुद्ध करूनच. संडासाच्या भांड्यातलं नव्हे. तरणतलावाचं पाणी धुण्यापुसण्याला ठीक, पिण्याला नको.

शुद्ध करायचे दोन सोपे मार्ग. खळखळून उकळी एक मिनिट, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. वीस-वीस मिनिटं पाणी उकळणारी माणसं मी पाहिली आहेत, तो सरपणाचा नाश आहे. दुसरा मार्ग साध्या, बिनवासाच्या घरगुती ब्लीचचा: ५-६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं असेल तर लिटरला दोन थेंब, ढवळून अर्धा तास ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळून घ्या आणि थेंब दुप्पट. अर्ध्या तासानं नाकाला क्लोरीनचा किंचित वास आला पाहिजे. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा आणि पाव तास वाट. पेट्रोल, तेल किंवा कारखान्यातलं काही पाण्यात मिसळलं असेल, तर उकळूनही उपयोग नाही आणि ब्लीचनंही नाही. तसलं पाणी सोडून द्या. माझी वाटणी सरळ आहे: पिण्याचं पाणी ब्लीचनं, आणि आच फक्त जे शिजवायचं आहे त्यालाच. इंधन अर्ध्यावर येतं.

घरात परत जायची वेळ आली, वस्तू आणायला, तर एकानं जायचं आणि एकानं बाहेर घड्याळ लावून उभं राहायचं. जाड तळाचे बूट, डोक्यावर हेल्मेट. भिंतीत तिरक्या मोठ्या भेगा असतील, दारं चौकटीत अडकत असतील किंवा जिना भिंतीपासून सुटलेला दिसला, तर काहीही राहिलेलं असो, आत नाही. जाता आलंच तर औषधं, चष्मा, पाणी, पांघरुणं, बूट, मग एक झाकणाचं जाड बुडाचं पातेलं. या क्रमात पातेलं शेवटी आहे हे लक्षात घ्या. आणि आत अंधार असेल तर बॅटरी वापरा, काडी किंवा मेणबत्ती नाही.

खाण्याचा क्रम फ्रिज ठरवतो. दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गार राहतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर साधारण ४८ तास, अर्धा असेल तर २४. म्हणून दार एकदाच उघडायचं, काय काढायचं ते आधी ठरवून. मात्र आत जाणं धोक्याचं असेल तर फ्रिजमधल्या अन्नाचा मोह नको. बाहेर काढलेलं नाशवंत अन्न दोन तासांच्या आत पोटात गेलं पाहिजे, उकाडा असेल तर एका तासात. आधी फ्रिजमधलं, मग फ्रीझरमधलं, कोरडा शिधा शेवटी. आणि कोरड्या शिध्याबद्दल एक गोष्ट साठवतानाच विचारात घ्या: तांदूळ, डाळी, शेवया हे सगळं पाणी मागतं. डबाबंद भाज्या आणि कडधान्यं पाणी सोबत घेऊन येतात, शिवाय ती शिजलेली असतात, गार खाता येतात. डब्यातलं पाणी फेकू नका, त्यातच काहीतरी शिजवा. खारट खाणं पहिल्या दिवसांत टाळा, तहान वाढते.

आता तुमचा स्टोव्ह. २५० ग्रॅमचा गॅसचा डबा पूर्ण ज्योतीवर साधारण तासभर चालतो. नेहमीसारखा स्वयंपाक केलात तर दोन जेवणांत तो संपेल. मी एक डबा तीन दिवस पुरवते. त्यात हातचलाखी काही नाही: आच फक्त उकळीपर्यंत, शिजणं पांघरुणात.

पातेल्यात धुतलेले तांदूळ आणि नेहमीइतकं पाणी. झाकण लावून खळखळून उकळी येऊ द्या, पाच मिनिटं उकळू द्या आणि उतरवा. झाकण उघडून बघू नका, हा सगळ्यात अवघड भाग. पातेलं टॉवेलात गुंडाळा, मग जाड ब्लँकेटमध्ये, आणि ते गाठोडं खोक्यात किंवा बॅगेत दाबून बसवा. खाली वर्तमानपत्रांची चांगली जाड घडी हवी, बरीचशी उष्णता बुडातून जमिनीत जाते. तासाभरानं भात तयार असतो. मसूर किंवा मुगाच्या डाळीला उकळी दहा मिनिटं आणि गुंडाळून दीड-दोन तास. पातेलं जितकं भरलेलं तितकी उष्णता टिकते. एवढ्याशा डाळीसाठी मोठं पातेलं घेतलंत तर ती कच्ची राहील. गाठोडं सोडल्यावर अन्नातून वाफ निघाली पाहिजे आणि पातेल्याला हात लावून धरवता कामा नये. कोमट लागलं तर परत उकळी आणायची, तसंच खायचं नाही. मांसाला ही पद्धत मी वापरत नाही.

राजम्याला इथे सवलत नाही. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. तो फक्त जोरदार उकळीनं जातो, मंद आचेवर अर्धवट शिजवलेला राजमा कच्च्याहूनही बाधतो. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय तो पांघरुणात गेला नाही पाहिजे. उलट्या-जुलाब झालेला माणूस पाण्याच्या टंचाईत काय भोगतो ते मी पाहिलं आहे, म्हणून छावणीच्या शिध्यात मी राजमा घेतच नाही. डबाबंद असेल तर खुशाल घ्या, तो शिजलेला असतो.

स्टोव्हच्या वापरात दोन चुका जीवावर येतात. डबा बाजूला आडवा बसणारा जो चौकोनी स्टोव्ह असतो, त्यावर डब्याच्या वरपर्यंत येणारं रुंद पातेलं किंवा तवा ठेवला तर उष्णता खाली परावर्तित होऊन डबा तापतो आणि फुटतो. दोन स्टोव्ह जवळजवळ ठेवून वर एक मोठा तवा, हा त्याचाच मोठा भाऊ. दुसरी चूक वाऱ्याची: वारा लागतो म्हणून चारही बाजूंनी पत्रा गच्च लावायचा. आडोसा वाऱ्याच्या बाजूलाच, डबा मोकळ्या हवेत. कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचा डबा फुरफुरतो आणि मरतो, कारण शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही. तो झोपताना पांघरुणात घेऊन झोपा. आचेवर धरून तापवू नका, हे सांगायला नको होतं, पण पाहिलंय.

गॅस संपला की सरपण. भूकंपग्रस्त शहरात लाकूड पायाखाली पडलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं जाळण्यालायक नसतं. रंगवलेली दारं-चौकटी (जुन्या रंगात शिसं असतं), प्लायवूड, हिरवट छटा असलेलं औषध मारलेलं लाकूड, ज्यात आर्सेनिक असू शकतं, हे सगळं नको. झाडाच्या वाळक्या फांद्या, कच्च्या लाकडाची खोकी, पुठ्ठा ठीक. चुलीसाठी भाजक्या विटा चांगल्या. काँक्रीटचे तुकडे आणि नदीतले गोटे टाळा, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि कपच्या उडतात, कधीकधी थेट डोळ्यांकडे.

विटा भरपूर असतील तर रॉकेट चूल रचा. ती १९८० च्या दशकात लॅरी विनियार्स्की यांनी बांधली, आणि तिचं मर्म इतकंच की आग छोट्या उभ्या बोगद्यात जळते. खाली एका वीटभर रुंदीचं तोंड, त्याच्या मागच्या टोकाला वर जाणारं विटांचं चौकोनी नळकांडं, तीन-चार थरांचं. त्याच्या तोंडावर तीन छोटे विटांचे तुकडे ठेवून वर पातेलं, म्हणजे ज्वाळा बुडाला भिडून बाजूनं निघते. बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या खालून आत सारत राहायच्या, जाड ओंडका नाही. पहिली दोन मिनिटं धूर होतो, मग चूल घुरघुरायला लागते आणि धूर जवळजवळ नाहीसा होतो. तो आवाज आला की समजायचं जमलं. मूठभर काटक्यांत दोन लिटर पाणी उकळतं. हिची उंची माझ्या खड्ड्याच्या नियमाला सोडून आहे, म्हणून हिच्यावर छोटंच पातेलं चढवायचं आणि नळकांड्याच्या चारही अंगांना माती किंवा रेतीच्या पिशव्या टेकवायच्या.

निखाऱ्यांबद्दल मात्र मी कठोर आहे. रात्री गारठा वाढतो आणि कुणीतरी घमेल्यात निखारे घेऊन तंबूत शिरतो. धूर नाही, ज्वाळा नाही, म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि भूकंपातून वाचलेल्या प्रत्येकाला तसंच होत असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. निखारे, स्टोव्ह, जनरेटर यातलं काहीही तंबूत, गाडीत, गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत नाही. जनरेटर तर झोपायच्या जागेपासून सहा-सात मीटर दूर, धूर उलट्या दिशेला. ऊब हवी असेल तर संध्याकाळच्या आधणातलं पाणी घट्ट झाकणाच्या धातूच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि पायाशी घ्या. पहाटेपर्यंत पुरतं, आणि सकाळी त्याच कोमट पाण्यानं तोंड धुता येतं.

भांडी घासण्यात पाणी घालवू नका. जपानमध्ये ताटावर पातळ प्लॅस्टिकची फिल्म ताणून त्यावर वाढतात, जेवण झालं की फिल्म काढून टाकायची, ताट कोरडं. तिथलीच दुसरी युक्ती मला जास्त आवडते. उष्णता सोसणाऱ्या अन्नासाठीच्या पिशवीत एका माणसाचे तांदूळ आणि पाणी घालायचं, हवा दाबून काढून वरच्या टोकाला गाठ मारायची. पातेल्याच्या तळाला एक ताटली ठेवायची, म्हणजे पिशवी तापल्या धातूला चिकटत नाही, आणि पाण्यात पिशव्या सोडून वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं. पातेल्यातलं पाणी स्वच्छ असायची गरज नाही, तेच पाणी दिवसभर वापरता येतं. आजारी माणसासाठी मऊ, दुसऱ्यासाठी मोकळा, असं एकाच पातेल्यात होतं. पिशवी कुठलीही नको, उकळत्या पाण्यात चालेल असं लिहिलेलीच.

वीस कुटुंबांच्या वीस चुली पेटण्यापेक्षा एक मोठी चूल पेटवा. सरपण वाचतं ते वाचतंच, पण लक्ष ठेवायची आग एकच राहते. अडचण येते ती माणसांची. पहिल्या दिवशी कुणालाच आपला शिधा सामायिक पातेल्यात टाकायचा नसतो. मी भांडत बसत नाही. ज्यांच्या फ्रीझरमधलं वितळायला लागलंय त्यांना आधी विचारते, ते आनंदानं देतात, आणि एकदा सगळे एका पातेल्यातून जेवले की दुसऱ्या दिवशी तांदूळ आपोआप येतात. वाढायचा डाव एकाच्याच हातात. ज्याला जुलाब होताहेत किंवा हातावर पिकलेली जखम आहे, त्यानं स्वयंपाकाच्या जवळपास यायचं नाही, मग तो कितीही चांगला आचारी असो.

हात धुण्याची सोय चुलीच्या आधी लागली पाहिजे. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडापासून दोन बोटं वर तापल्या खिळ्यानं भोक पाडा, भरा, झाकण घट्ट करा, टांगा. झाकण थोडं सैल केलं की बारीक धार सुरू, आवळलं की बंद. एका लिटरात दहा-बारा जणांचे साबणानं हात धुऊन होतात. खाली बादली, तेच पाणी संडासाला.

संडास हा विषय लोक टाळतात. क्राइस्टचर्चला जमीन द्रवासारखी होऊन मैलावाहिन्या फुटल्या आणि लोकांनी मागच्या अंगणात खड्ड्यांचे संडास खणले, काहींनी तर छान सजवले. इमारत उभी असली तरी वाहिनी तपासून झाल्याशिवाय फ्लश करू नका, तुमचं पाणी खालच्या मजल्यावर निघेल. दोन बादल्या ठेवा, एक लघवीची, एक शौचाची. दोन्ही एकत्र झालं की दुर्गंधी आणि ओझं दोन्ही वाढतं. शौचाच्या बादलीत दुहेरी पिशवी, आणि दर वेळी वर मूठभर लाकडाचा भुसा, फाडलेला कागद किंवा कोरडी माती. जागा चुलीपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि पाण्याच्या उगमापासून तीस मीटर तरी दूर, रात्री जाता येईल अशी उजेडाची. ही सोय वाईट असेल तर बायका आणि म्हातारी माणसं पाणी पिणं बंद करतात. २००४ मध्ये जपानच्या निगाताकडे भूकंपानंतर गाड्यांमध्ये दाटीवाटीनं झोपणाऱ्या काहींच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन मृत्यू झाले. पाणी कमी पिणं आणि पाय न हलवणं, दोन्ही मिळून. गाडीत झोपावंच लागलं तर दर काही तासांनी उतरून चाला.

जुलाब सुरू झालेच तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखरेचे सपाट सहा छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा. चमचा सपाटच. मीठ अंदाजानं टाकू नका.

तर तुमची तयारी: स्टोव्ह आणि गॅसचे चार डबे, जाड बुडाचं एक पातेलं, ब्लीचची छोटी बाटली आणि ड्रॉपर, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये बांधून, दोन झाकणाच्या बादल्या, साबण. हे सगळं मोठ्या बादलीतच भरून मुख्य दाराजवळ ठेवा, माळ्यावर नको. डब्यांवर तारीख बघा. ब्लीच वर्षभरात दम सोडतं, नवं आणून जुनं धुण्याला काढा. आणि त्यात डबा फोडायचा ओपनर टाका. मागच्या वेळी साठ माणसं, दोनशे डबे आणि एकही ओपनर नाही, अशा अवस्थेत मी अर्धी संध्याकाळ डबे पालथे धरून खरबरीत काँक्रीटवर घासत बसले होते. कड झिजते आणि झाकण सुटतं, पण एका डब्याला चार-पाच मिनिटं लागतात.